न मारलेली डबल बेल

कंडक्टरला बसायला गाडीत वेगळी सीट असते, हे सगळ्यांना माहीत आहे. ती त्याला कधी मिळत नाही, हे फक्त कंडक्टरला माहीत आहे. माझ्या सीटवर कायम कोणाची तरी दिवस गेलेली सून, कोणाचे तरी थकलेले वडील, नाहीतर असोद्याच्या भरताच्या वांग्यांचं पोतं बसलेलं असायचं. मी मूळचा भडगावचा, पण नोकरी जळगावच्या डेपोत. जळगाव-यावल आणि जळगाव-धुळे या दोन रस्त्यांवर लाल गाडीत तिकिटं फाडत उभ्यानं जन्म काढला. आता गुडघे बोलतात, मी ऐकतो.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्यांना कळत नाही, ती आधी सांगतो. छताखालून जी दोरी जायची, ती ओढली की ड्रायव्हरच्या डोक्याजवळ घंटी वाजायची. एक बेल म्हणजे थांब. दोन बेल म्हणजे चल. डबल बेल मिळाल्याशिवाय ड्रायव्हरनं गाडी हलवायची नाही, मग गाडीत आमदार बसलेला असो की त्याचा बाप. लोकांना वाटतं गाडी ड्रायव्हरची. असेलही, पण ती हलते कंडक्टरच्या बोटावर.

या बोटासाठी माणसं काय काय करायची. यावलचे एक आबा होते, बोकड घेऊन चढायचे आणि बोकडाचं तिकीट मागितलं की म्हणायचे, "हा बाजारातून परत येणार नाही, त्याचं जायचं अर्धंच घे." एक केळीवाला बागाईतदार आपल्या शेताच्या बांधासमोरच गाडी थांबली पाहिजे म्हणून रोज वाद घालायचा. एकदा मी खरंच तिथे थांबवली, तर म्हणाला, थोडी पुढे घ्या, इथे चिखल आहे. अशा माणसांवर पुस्तक होईल. पण दिवाळी अंकाच्या संपादकांनी एक आठवण लिहा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे एकच माणूस आला, आणि तोही अख्खा आला नाही. आधी त्याचे डोळेच आले.

सुपडूभाऊ माझे ड्रायव्हर. पारोळ्याकडचे, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे. आमची जोडी बरीच वर्षं टिकली, आणि डेपोत जोडी टिकणं संसार टिकण्याहून अवघड. ड्रायव्हरच्या डोक्यावर आतल्या बाजूला एक लांबट आरसा असतो. गर्दीत मी मागे अडकलेला, ते पुढे जाळीपलीकडे. बोलणार कसं? तर आरशात. त्यांनी डोळे वर करायचे, मी मान हलवायची. एक भुवई उडाली की समजायचं, पुढच्या थांब्यावर आपला नेहमीचा फुकट्या उभा आहे. डोळे बारीक झाले की समजायचं, चहा. माणसाचा चेहरा समोरासमोर मी जेवढा पाहिला नसेल तेवढे त्याचे ते दोन डोळे पाहिले. बारीक डोळे होते, हसले की नुसत्या रेघा उरायच्या.

मग एका वर्षी हे डोळे आरशातून गेले. नव्वदीची सुरुवात असेल. मी मान हलवतोय, हातवारे करतोय, भाऊ वर बघायलाच तयार नाहीत. मला वाटलं, रागावले. रागवायला कारणही लागत नव्हतं तेव्हा त्यांना. स्वभावाने गार माणूस, पण सायकलवाला आडवा आला तरी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून शिव्या. थंडीत आम्ही स्वेटर घालून कुडकुडतोय आणि यांची खाकी पाठीला चिकटलेली. जेवायचे दोघांचं, आणि पट्ट्याला महिन्या-दोन महिन्यांनी नवीन भोक. मी म्हटलंसुद्धा, "सुपडूभाऊ, जंत झालेत का?" तर हसले नाहीत.

असोद्याच्या एक अक्का रोज वांग्यांची पाटी घेऊन बाजाराला यायच्या. आमच्याकडे कंडक्टरला मास्तर म्हणतात. त्यांनी मला एक दिवस बाजूला घेतलं. "मास्तर, तुह्या डायवरले सांगून ठेव. माह्यावर डोये वटारतो तो. मी काय त्याच्या बापाचं खाल्लं?" मी थट्टेवारी नेलं. पण त्या उतरल्यावर पुढे जाऊन जाळीतून नीट पाहिलं. भाऊ हनुवटी वर करून, मान मागे टाकून गाडी चालवत होते, एखाद्या गुर्मीतल्या पाटलासारखे. डोळे लाल होते, आणि बुबुळाच्या वरसुद्धा पांढरं दिसत होतं. रोज पाहणाऱ्याला बदल दिसत नाही म्हणतात. मला त्या दिवशी एकदम दिसला.

मी विचारलं तर म्हणाले, डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतंय, वाऱ्यानं पाणी येतंय, डोळे आलेत. जळगावात एकानं थेंबही दिले होते. घरी दुधाच्या पट्ट्या, गुलाबपाणी, सगळं चालू होतं. डोळे आले म्हणजे जातीलच की, म्हणून मीही गप्प बसलो.

मग यावलची ती दुपार. परतीच्या फेरीला वेळ होता. भाऊ मागच्या लांब सीटवर आडवे झाले आणि मी चहा घ्यायला उतरलो. तेवढ्यात केळीच्या बागेत कामाला जाणारी एक बाई जागा धरायला गाडीत चढली, आणि किंचाळत उतरली. "मास्तर, तुमचा माणूस गेला." मी धावलो. भाऊ उताणे पडले होते. डोळे अर्धे उघडे, बुबुळं एकाच जागी थिजलेली, भोवती नुसतं लाल-पांढरं. हाक मारली, उत्तर नाही. हात लावायला वाकलो तर भाऊ घोरले.

माणूस जिवंत होता, गाढ झोपला होता, आणि डोळे उघडे होते. मेल्याचं पाहून बसला नसता असा धक्का मला ते घोरणं ऐकून बसला. उठवलं तर म्हणाले, "काय झालं? बेल झाली का?"

त्याच परतीच्या फेरीला ते झालं. गाडी गच्च भरलेली. तापीच्या पुलाच्या अलीकडे मी तिकिटं संपवून पुढे आलो. पुलावरून केळीचा ट्रक समोरून येत होता. सुपडूभाऊंनी डावा हात स्टिअरिंगवरून उचलला आणि डाव्या डोळ्यावर तळहात दाबून धरला. एका हातात गाडी, एका डोळ्यावर रस्ता. मला वाटलं कचरा गेला असेल. पण हात खाली येईना. गिअर बदलायला हात काढला तशी गाडी सरळ ट्रककडे निघाली, पुन्हा हात डोळ्यावर, पुन्हा गाडी जागेवर.

माझा हात आपोआप दोरीवर गेला. एक बेल.

पुलाच्या तोंडाशी गाडी थांबली. ट्रक आमच्या अंगाला वारा घालून निघून गेला. कोणी उतरलं नाही, कोणी चढलं नाही. लोक माझ्याकडे बघायला लागले. "मास्तर, बेल मारा." "मास्तर, गाडी चुकेल पुढची." मी दोरी धरून उभा, आणि डबल बेल काही माझ्या हातून निघेना. इंजिन गुरगुरत होतं. सुपडूभाऊ वाट बघत होते, कारण डबल बेलशिवाय गाडी हलवायची नाही हे त्यांच्या हाडात मुरलेलं. शेवटी त्यांनी मान खूप मागे टाकली आणि कित्येक महिन्यांनी आरशात पाहिलं. आरशात मला डोळे दिसले, आणि ते माझ्या ओळखीचे नव्हते. मग त्यांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

मी जाळीपाशी गेलो. भाऊ समोर बघतच बोलले, अगदी हळू, आपल्या अहिराणीत. "मास्तर, बठ्ठं दोन-दोन दखास." सगळं दोन-दोन दिसतंय. बाजूबाजूला नव्हे, तर एकावर एक. एका ट्रकच्या डोक्यावर दुसरा ट्रक. एक डोळा झाकला की एकच उरायचा.

मागे पन्नासेक माणसं, लेकरं, वांग्यांच्या पाट्या. मी हँडब्रेक ओढलाय का ते स्वतः पाहिलं आणि मग खाली उतरून रस्त्याच्या कडेला बसलो.

प्रवाशांना मागून आलेल्या गाडीत बसवलं. त्यातल्या एका मास्तरानं, म्हणजे शाळेतल्या खऱ्या मास्तरानं, डेपोत तक्रार दिली की ड्रायव्हर प्यायलेला होता. लाल डोळे, थरथरते हात, घाम, पुलावर गाडी उभी. त्याचं तरी काय चुकलं? साहेबांनी भाऊंना तोंड उघडायला लावून वास घेतला. वास आला तो बिडीचा. मग कँटीनमध्ये हुशार लोकांनी ठरवलं की हल्ली बिनवासाच्या गोळ्या मिळतात. ज्या माणसाच्या बापानं दारूपायी बैलजोडी विकली आणि म्हणून जो दारूच्या वाऱ्यालाही उभा राहिला नाही, त्याला त्या दिवशी डेपोत सगळ्यांनी बेवडा करून टाकलं. साहेबांनी मात्र एक बरं केलं. डॉक्टरचा दाखला आणेपर्यंत गाडी बंद, एवढंच सांगितलं, बाकी शेरा मारला नाही.

मी भाऊंच्या घरी गेलो तर सिंधूवहिनी, त्यांची बायको, चुलीपाशी बसून होती. मला म्हणाली, "भाऊजी, खरं सांगा. मी त्यांच्या उशीखाली बाटली शोधली. सदऱ्यांचे वास घेतले. मिळाली नाही, तर मला बरं वाटायच्या ऐवजी जास्तच भीती वाटली." भाऊ आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसले होते. त्यांनी हे सगळं ऐकलं.

धुळ्याला डोळ्यांच्या एक चांगल्या डॉक्टरीणबाई आहेत असं कळलं, म्हणून आम्ही आमच्याच गाडीनं निघालो. सुपडूभाऊ पहिल्यांदाच प्रवासी म्हणून बसलेले. गिरणेचा पूल आला, एरंडोल गेलं, पारोळा गेलं, आणि प्रत्येक वळणावर यांचा उजवा पाय गाडीच्या फळीवर ब्रेक दाबत होता. मी तिकडे बघितलंच नाही असं केलं.

बाईंनी डोळे तपासले. बोट वर नेलं तर डोळे बोटामागे वर जाईनात. मग त्यांनी असं काही केलं की आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. त्यांनी भाऊंच्या मागे उभं राहून गळा चाचपला आणि घोटभर पाणी प्यायला लावलं. हात पुढे करायला सांगून बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागद फडफडायला लागला. भाऊ चिडून म्हणाले, "बाई, दुखणं डोळ्यांचं आहे."

"डोळ्यांचंच आहे," बाई म्हणाल्या, "पण नुसत्या डोळ्यांचं नाही." मग त्यांनी आम्हाला समजेल असं सांगितलं. गळ्याशी थायरॉईड नावाची एक ग्रंथी असते. ती गरजेपेक्षा जास्त काम करायला लागली की घाम, थरथर, धडधड, राग, वजन उतरणं. आणि अशा काही माणसांत शरीर आपल्याच डोळ्यांच्या मागच्या मांसावर उठतं. "डोळा मोठा झालेला नाही. आहे तेवढाच आहे. मागचे स्नायू सुजलेत, हाडाच्या खोबणीत जागा तेवढीच, मग डोळा जाणार कुठे? पुढे. आणि सुजलेले स्नायू डोळा सरळ वर उचलू देत नाहीत, म्हणून दोन दिसतात. मान मागे टाकली की एक होतं. म्हणून हे अशी मान करतात."

गुर्मीतला पाटील म्हणालो होतो ना मी.

"दारू?" बाईंनी विचारलं. भाऊ स्टुलावरून उठलेच. मी हात धरून बसवलं. "बिडी?" भाऊ म्हणाले, बिडी तर सगळेच ओढतात. बाईंनी पेन खाली ठेवलं. "बिडीनं हा डोळ्यांचा आजार वाढतो. औषध मी देईन, पण बिडी चालू असेल तर माझ्याकडे येऊ नका." अख्ख्या डेपोनं या माणसाच्या तोंडाशी नाक नेऊन दारू हुंगली, आणि कानावर खोचलेली बिडी कोणाला दिसली नाही. आमच्याकडे बिडीला व्यसन म्हणतच नाहीत. चहाबरोबर देतात.

भाऊंनी एकच विचारलं, "गाडी कधी?"

बाई म्हणाल्या, "आधी नजर वाचवू. पापण्या मिटत नाहीत, त्यामुळे बुबुळ कोरडं पडतंय. तिथे जखम झाली तर दोन काय, एकही दिसणार नाही. दोन दिसतात तोवर सायकलसुद्धा नाही." गळ्यासाठी गोळ्या, सूज उतरायच्या वेगळ्या गोळ्या, दिवसभर थेंब, काळा चष्मा, उशी उंच. आणि झोपताना डोळ्यांत मलम घालून पापण्या हातानं मिटायच्या आणि वरून चिकटपट्टी लावायची. "घरात कोण करेल?" "बायको करेल," मी म्हणालो. मला काय माहीत.

घरी आल्यावर मी सिंधूवहिनीला सगळं सांगितलं. दारू नाही म्हटल्यावर ती रडली. पट्टीचं सांगितल्यावर तिचं रडणं थांबलं आणि ती मागे सरकली. "नाही. ते मी करणार नाही."

"वहिनी, नुसत्या पापण्या मिटायच्या आहेत."

"म्हणूनच. हातानं डोळे कोणाचे मिटतात, भाऊजी? तुम्हीच सांगा. मी माझ्या सासऱ्यांचे मिटलेत. जित्या नवऱ्याचे मी कसे मिटू?"

याला डॉक्टरीणबाईंकडेही औषध नसतं. मी त्याच गल्लीत राहायचो, म्हणून जेवणं झाली की मी जायला लागलो. भाऊ खाटेवर पडायचे, मी मलम घालायचो, बोटानं पापणी खाली ओढून पट्टी लावायचो. बोटाखाली डोळा टणक लागायचा. आयुष्यभर तिकिटं फाडून त्यांना पंचानं भोकं पाडणारा हात तो. भाऊ म्हणायचे, "मास्तर, पंच नको मारू."

एक दिवस मी गेलो तर पट्ट्या आधीच लावलेल्या. वहिनी उंबऱ्यात बसली होती. तिनं देवापुढचा अंगारा भाऊंच्या कपाळाला लावला होता. मला म्हणाली, "ठरवलं मी. मिटणारी मी आणि सकाळी उघडणारीही मीच. मेलेल्याचे कोणी सकाळी उघडत नाही ना?" त्यानंतर मला त्या कामाला जावं लागलं नाही. रोज सकाळी ती पट्ट्या काढायची, कोमट पाण्यानं पापण्या पुसायची, आणि भाऊंनी पहिलं काय पाहायचं तर तिच्याकडे. "किती दिसते?" ती विचारायची. "दोन," भाऊ म्हणायचे. "मग दोघींचं ऐका," म्हणायची.

बिडी सुटायला फार त्रास झाला. त्याहून त्रास लोकांचा. गल्लीतली पोरं घाबरायची, मोठी माणसं नजर फिरवायची, आणि लग्नकार्यात बायका आपली लेकरं पदराआड घ्यायच्या, दृष्ट लागेल म्हणून. ज्या माणसाला धड दिसत नव्हतं त्याच्या दृष्टीची भीती. भाऊंनी घरातला दाढीचा आरसा उलटा करून ठेवला आणि दाढी न्हाव्याकडे सुरू केली. दोन्ही डोळ्यांची आग इतकी व्हायची की ओला फडका तोंडावर टाकून ते तासन् तास बसायचे. एकदा मला म्हणाले, "डोळे बाहेर का येतात माहीत आहे? आत बघवत नाही म्हणून." मी उगाच हसलो.

पण नजर वाचली. गळ्याचं आटोक्यात आलं, आग शमली, सूज थंडावली. पुढे मुंबईला डोळ्यांच्या स्नायूंचं ऑपरेशन झालं आणि समोरचं एक दिसायला लागलं. वर पाहिलं तर मात्र अजून दोन. डोळे थोडे आत गेले, पण पहिल्यासारख्या रेघा काही झाल्या नाहीत. मोठ्या गाडीचं लायसन परत मिळालं नाही. डेपोनं त्यांना टायरच्या विभागात काम दिलं. दुसऱ्यांच्या गाड्यांची चाकं तपासत सुपडूभाऊंची नोकरी सरली. कधीमधी मी गाडी काढताना ते दारात उभे राहून टायरला लाथ मारून बघायचे आणि हात करायचे.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या फेरीला मी यावलच मागून घेतलं. सुपडूभाऊ निवृत्त झालेले, तरी आले. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर काळा चष्मा लावून बसले. मी तिकीट फाडलं, त्यांनी ते नीट घडी करून खिशात ठेवलं. ड्रायव्हर नवा होता. पुलाच्या तोंडाशी समोरून ट्रक आला म्हणून मी एक बेल मारली आणि गाडी थांबली. तीच जागा. भाऊंनी चष्मा काढला.

"मास्तर, एक सांगू? त्या दिवशी पहिल्यांदा दोन दिसले नव्हते. कितीतरी दिवस दिसत होते."

मी दोरी धरूनच त्यांच्याकडे वाकलो.

"खालचा रस्ता खरा, वरचा खोटा, हे पाठ करून टाकलं होतं. खालच्या रस्त्यावर गाडी ठेवायची. जमत होतं. त्या दिवशी पुलावर दोन्ही सारखेच दिसायला लागले. कोणता खरा कळेना. सांगितलं असतं तर गाडी गेली असती, म्हणून सांगवलं नाही. रोज घरून निघताना वाटायचं, मास्तर आज तरी बेल मारेल. मी आरशात बघायचो नाही, कारण तिथे तू दोन दिसायचास, आणि दोघंही माझ्यावर विश्वास टाकून उभे असायचे."

कितीतरी दिवस. बोकडवाले आबा, वांगीवाल्या अक्का, शाळेची पोरं, सगळ्यांना मी स्वतःच्या हातानं डबल बेल देऊन त्या खालच्या रस्त्यावर पाठवत होतो. आणि हा माणूस पुढे बसून एकट्यानं ठरवत होता, कोणता पूल खरा.

ट्रक निघून गेला. ड्रायव्हर वाट बघत होता. मागून लोक ओरडायला लागले, मास्तर, बेल. माझा हात दोरीवर होता आणि त्या दिवसासारखाच तो पुन्हा हलेना.

सुपडूभाऊंनी पुलाकडे बघून घेतलं, नीट, सरळ मानेनं. मग मला आपल्या अहिराणीत म्हणाले, "मार बेल, मास्तर. आते एकच पूल शे."